मशीनला शिकवलं कुणी?

(बोईसर येथे महिला कामगारांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या मेळाव्यासाठी मला जो विषय कळवला तो असा : ‘नवं तंत्रज्ञान, उद्योगांची व्यूहरचना आणि स्त्रिया’. पत्र वाचून मी जरा घाबरलेच. मी इंजिनिअर नाही, व्यवस्थापनशास्त्र शिकलेली नाही. एम.एस.डब्ल्यू. करून गेली अकरा वर्षं सफाळ्यापासून डहाणूपर्यंतच्या वस्त्यांमध्ये आणि कारखान्यांच्या गेटवर काम करते आहे. पण मग लक्षात आलं, की इथे बसलेल्या तुमच्यातल्या निम्म्याजणी पहिली पाळी उरकून, डब्याची पिशवी घेऊन थेट आलेल्या आहेत. ज्या ‘व्यूहरचने’बद्दल बोलायचं ती तुमच्या अंगावरूनच जाते. तेव्हा मी मोठमोठ्या व्याख्या सांगणार नाही. एका पॅकिंग हॉलची गोष्ट सांगते. मग त्या गोष्टीच्या उजेडात ते मोठे शब्द तपासून पाहू.

तारापूर एमआयडीसीतली एक औषध कंपनी. नाव घेत नाही, कारण ही एका कंपनीची गोष्ट नाही. तिच्या पॅकिंग हॉलमध्ये ३४ बायका कामाला होत्या. कुणी मनोरकडून येणारी, कुणी वाणगावची, कुणी सरावलीत भाड्याच्या खोलीत राहणारी बिहार-उत्तर प्रदेशातली. काहीजणींना तिथे दहा-अकरा वर्षं झाली होती. हजेरी मात्र दोन ठेकेदारांकडे, सतरा-सतरा. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

काम काय? पट्ट्यावरून गोळ्यांच्या स्ट्रिप्स येतात. त्या बघायच्या, खराब असेल ती बाजूला टाकायची, चांगल्या मोजून खोक्यात भरायच्या, सोबत माहितीच्या कागदाची घडी घालायची, खोकं बंद करायचं. कागदोपत्री या सगळ्यांचा हुद्दा ‘हेल्पर’, वर्गवारी ‘अकुशल’. आता अकुशल म्हणजे काय ते ऐका. एखाद्या खणात गोळी नसेल तर ते या बायकांना स्ट्रिप उचलताच कळायचं. बघायची गरज नसे, अंगठा फिरवला की पुरे. गोळीचा टवका उडाला असेल, फॉइल नीट चिकटलं नसेल, कोपऱ्यावर छपाई सरकली असेल, हे त्यांना चालत्या पट्ट्यावर दिसायचं. सुपरवायझर नवा आला की पहिले पंधरा दिवस तो यांनाच विचारायचा, ‘ही पास करू का?’ आणि हुद्दा मात्र हेल्पर.

२०२२ साली त्या हॉलमध्ये नवी मशीन आली. स्ट्रिप्स आपोआप खोक्यात भरणारी, आणि वर कॅमेरा बसवलेली. कॅमेरा प्रत्येक स्ट्रिपचा फोटो घेणार, खराब असेल ती हवेच्या झोताने बाहेर फेकणार. आता कॅमेऱ्याला खराब म्हणजे काय ते कसं कळावं? त्याला शिकवावं लागतं. शेकडो चांगल्या आणि शेकडो खराब स्ट्रिप्स दाखवाव्या लागतात. किती टवका चालेल, किती नाही, याची रेषा आखून द्यावी लागते. ते कोण सांगणार? इंजिनिअर बाहेरून आलेला. तो भला माणूस होता, त्याने या बायकांपैकी सहाजणींना शेजारी बसवलं. दोन महिने त्या सहाजणी त्याला स्ट्रिप्स निवडून देत होत्या. ही टाक, ही ठेव, ही बघ कशी फसवते. त्यांना वाटलं, नव्या मशीनवर आपल्यालाच घेणार, म्हणून शिकवतायत.

मशीन नीट चालायला लागली. कंपनीच्या वार्षिक समारंभात ‘इनोव्हेशन’चं बक्षीस त्या विभागाला मिळालं. आणि एका शनिवारी संध्याकाळी ठेकेदाराच्या माणसाने गेटवर सांगितलं, सोमवारपासून येऊ नका. नोटीस नाही, हिशोब नाही. ३४ जणी घरी.

त्या आमच्याकडे आल्या तेव्हाची माझी चूक मी आज उघड सांगणार आहे. मी लगेच निवेदन लिहायला घेतलं : ‘महिलांचा रोजगार हिरावून घेणारी मशीन बंद करा.’ आपल्या चळवळीच्या जुन्या सवयीने ते वाक्य माझ्या हातून आपोआप उतरलं. मोठ्याने वाचून दाखवलं. सगळ्या गप्प. मग त्या सहाजणींपैकी एक, विक्रमगडकडची, चाळिशीची बाई, मला म्हणाली, ‘ताई, मशीन नको असं नका लिहू. ती मशीन मला चालवता येते. मी बघितलंय दोन महिने. मला फक्त तिच्या बटणाला हात लावू देत नाहीत.’

मी ते निवेदन फाडलं. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत मला जे कुणी शिकवलं नव्हतं ते त्या बाईने एका वाक्यात सांगितलं. प्रश्न मशीन यावी की येऊ नये हा नव्हता. मशीनच्या बटणावर हात कुणाचा, हा होता.

मशीनवर ऑपरेटर म्हणून कोण घेतले होते? आठ मुलगे, बहुतेक आयटीआय झालेले, तीन पाळ्यांसाठी. बायकांना का नाही, असं विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, रात्रपाळी असते, बायकांना कसं चालेल? किती काळजी! याच बायकांना माल पाठवायची घाई असेल तेव्हा रात्री दहापर्यंत थांबवून घेतलं जायचं आणि मग नाक्यावर रिक्षा मिळते का बघा म्हणून सोडून दिलं जायचं, तेव्हा ही काळजी कुठे होती? खरी अडचण रात्रीची नव्हती. रात्री बायकांना घरी पोचवायची गाडी द्यावी लागली असती, आणि तिचा खर्च.

आम्ही नवं निवेदन लिहिलं. त्यात १९७६ च्या समान वेतन कायद्याचा आधार घेतला. पुष्कळजणींना वाटतं की तो कायदा फक्त सारख्या कामाला सारखा पगार एवढंच सांगतो. पण १९८७ साली त्यात दुरुस्ती होऊन बढती, प्रशिक्षण आणि बदली यांतही स्त्री म्हणून भेदभाव करायचा नाही, असं आलं होतं. आम्ही म्हटलं, आम्हाला प्रशिक्षण द्या, परीक्षा घ्या, नापास झालो तर बघू. कंपनीने पहिल्यांदा सांगितलं, या आमच्या कामगारच नाहीत, ठेकेदाराला विचारा. ठेकेदार म्हणाला, काम कंपनीने बंद केलं, मी काय करू? सरकारी कचेरीत चार खेपा झाल्या. दोन महिने गेले. बायका पांगायला लागल्या. कुणी दुसऱ्या गेटवर उभी राहिली, कुणी वीटभट्टीवर गेली.

आणि मग एक गंमत झाली. कंपनीने फॉइल बदललं. नवं फॉइल जास्त चकचकीत. त्याच्यावर दिव्याचा उजेड पडून कॅमेऱ्याचे डोळे दिपले. चांगल्या स्ट्रिप्स तो बाहेर फेकायला लागला, आणि भीतीने त्याची रेषा सैल केली तर खराब आत सोडायला लागला. फेकलेल्या मालाचे ढीग लागले. ठेकेदाराचा फोन आला, ‘त्या पाच-सहा बायकांना दोन आठवडे पाठवा ना, ताई.’

त्या दिवशी त्या बायकांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. घरात दोन महिने पैसा नव्हता. तरी त्या सहाजणी म्हणाल्या, दोन आठवड्यांसाठी येणार नाही. येणार तर शिकायला येणार, आणि सहाजणी येणार नाही, सगळ्यांबद्दल बोलणी करा.

बोलणी झाली. मी तुम्हाला विजयाची गोष्ट सांगत नाहीये, म्हणून आकडे नीट सांगते. ३४ पैकी नऊजणींना प्रशिक्षण मिळालं आणि त्या आज पहिल्या आणि दुसऱ्या पाळीत मशीनवर आहेत. दुसऱ्या पाळीनंतर गाडी सोडते. बाकी पंचवीसजणींना थकलेला पगार आणि हिशोब मिळाला, काम मिळालं नाही. त्या पंचवीसजणींपैकी काही आज इथे बसल्या आहेत. त्यांच्या डोळ्यांना डोळा देऊन ‘आपण जिंकलो’ असं म्हणायची माझी हिंमत नाही.

आता ते मोठे शब्द. मध्यंतरी एका संस्थेच्या आग्रहाने मी मुंबईत उद्योग व्यवस्थापनावरच्या एका चर्चासत्राला गेले होते. तिथे दर दोन वाक्यांनी एक शब्द कानावर पडत होता : ‘कोअर’. कंपनीने आपल्या ‘कोअर’कडे, म्हणजे गाभ्याकडे लक्ष द्यावं, बाकीचं बाहेर देऊन टाकावं. पॅकिंग बाहेर, साफसफाई बाहेर, कॅन्टीन बाहेर, पहारा बाहेर. मी वहीत लिहून घेतलं आणि घरी येऊन हा शब्द आला कुठून ते शोधलं. १९९० साली सी. के. प्रल्हाद आणि गॅरी हॅमेल या दोन प्राध्यापकांनी अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध व्यवस्थापन नियतकालिकात लेख लिहिला आणि हा शब्द जगभर गेला. प्रल्हाद आपल्याकडचेच, तमिळनाडूतले. त्यांनी कंपनीला झाडाची उपमा दिली आहे. बाजारात दिसणारा माल म्हणजे पानंफुलं आणि फळं. झाडाला जगवणारी, जमिनीखाली न दिसणारी मुळं म्हणजे कंपनीची गाभ्याची क्षमता.

आणि ही क्षमता म्हणजे काय, तर त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे संस्थेतलं सामूहिक शिकणं. इमारत नव्हे, मशीन नव्हे. माणसांनी मिळून वर्षानुवर्षं जे शिकून घेतलं ते. आणखी गंमत म्हणजे, स्वस्त पडतं म्हणून कामं बाहेर देत सुटलात तर हे शिकणंच हातातून निसटेल, असा इशाराही त्याच लेखात आहे. आपल्याकडे मात्र तो शब्द उचलला आणि इशारा तिथेच ठेवला. त्या पॅकिंग हॉलमध्ये अकरा वर्षांचं सामूहिक शिकणं ३४ अंगठ्यांमध्ये होतं. कंपनीने त्याला ‘हेल्पर’ असं नाव दिलं होतं, त्यामुळे ती मुळं आहेत हे तिला दिसलंच नाही. पालापाचोळा म्हणून झाडून टाकली. फॉइल बदलल्यावर झाड सुकायला लागलं तेव्हा कळलं. तेव्हा मी असं म्हणते, की ही व्यूहरचना आपल्यावर अन्याय करणारी तर होतीच, पण धंद्याच्या हिशोबानेही ती कच्ची होती. मालकांशी बोलताना हे दुसरं वाक्यही म्हणायला शिका. पहिलं त्यांना ऐकू येत नाही, दुसरं येतं.

हा ‘कोअर’ शब्द आता नुसता चर्चासत्रात राहिलेला नाही, तो कायद्यात आला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या. त्यातली एक व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती याविषयीची, २०२० साली संसदेने केलेली. ती म्हणते, कारखान्याच्या गाभ्याच्या कामात कंत्राटी कामगार ठेवता येणार नाहीत. ऐकायला बरं वाटतं. पण गाभ्यात काय येत नाही याची यादी सोबत आहे : झाडलोट, साफसफाई, पहारा, कॅन्टीन, माल चढवणं-उतरवणं, बागकाम, धुलाई. कारखाना मुळात त्याच कामासाठी काढलेला नसेल, तर ही कामं गाभ्याबाहेर. यादी पुन्हा एकदा मनात वाचा. यातली किती कामं आपण बायका घरात फुकट करतो? जे घरात मोजलं गेलं नाही ते कारखान्यात आल्यावरही गाभ्याच्या बाहेरच राहिलं.

मात्र त्या यादीत पॅकिंग नाही, हेही ध्यानात घ्या. आणि जे काम गाभ्याच्या कामासाठी आवश्यक असेल तेही गाभ्यातच धरायचं, असं तीच संहिता म्हणते. औषधाची गोळी खोक्यात भरल्याशिवाय विकता येते का? तेव्हा पॅकिंग गाभ्यात मोडतं, असं म्हणायला आपल्याला जागा आहे. मालकाला पळवाटाही आहेत. एखादं काम रीतीनेच ठेकेदाराकडून होत असेल, किंवा कामाचा बोजा अचानक वाढला असेल, तर कंत्राटी माणसं चालतात. शिवाय कंत्राटी कामगारांविषयीच्या या तरतुदी ५० किंवा अधिक माणसं असतील तिथेच लागू होतात. १९७० च्या मूळ कायद्यात ही संख्या २० होती. आठवतात ना, दोन ठेकेदार, सतरा-सतरा? ते सतरा उगीच नव्हते. आता ते एकोणपन्नास होतील.

दुसरी गोष्ट. ज्या १९७६ च्या कायद्याच्या आधाराने आम्ही प्रशिक्षण मागितलं, तो कायदा आता वेतन संहितेत सामावला आहे. वेतनात आणि नोकरीच्या अटींत लिंगावरून भेदभाव करायचा नाही हे तिथे आहे. पण बढती, प्रशिक्षण, बदली हे शब्द जसे जुन्या कायद्यात वेगळे लिहिलेले होते तसे आता नाहीत. एक शब्द गळाला की त्याच्यासाठी भांडायला दुप्पट दम लागतो. नोकरीच्या अटींत प्रशिक्षण येतंच, हे आपल्याला आता जागोजागी म्हणत राहावं लागेल.

आता थोडं दूरचं बघू. बायकांची बोटं नाजूक, चपळ, म्हणून त्या बारीक कामाला चांगल्या, हे आपण किती वेळा ऐकतो! मुंबईत १९७३ साली अंधेरीला सीप्झ सुरू झालं, इलेक्ट्रॉनिक्सचा माल परदेशी पाठवण्यासाठी. तिथेही जोडणीच्या टेबलांवर बायका बसल्या त्या याच कारणाने. डायान एल्सन आणि रूथ पिअर्सन या दोन स्त्रीवादी अभ्यासकांनी १९८१ साली याचा छडा लावला. चपळ बोटं जन्मजात नसतात. ती शिवण-टिपण करून, घरकाम करून, लहानपणापासून घडवलेली असतात. पण ते शिक्षण घरात, आईकडून, फुकट झालेलं असतं, म्हणून त्याला कौशल्य न म्हणता निसर्ग म्हणायचं. निसर्गाला पगारवाढ द्यावी लागत नाही.

अमेरिकेतली एक गोष्ट तर जव्हार-विक्रमगडच्या मैत्रिणींनी ऐकलीच पाहिजे. फेअरचाइल्ड नावाच्या कंपनीने १९६५ साली न्यू मेक्सिकोत शिपरॉक इथे, नवाहो या आदिवासींच्या प्रदेशात, इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना काढला. कामाला मुख्यत्वे नवाहो बायका. कंपनीच्या पुस्तिकेत नवाहो गालिच्याची नक्षी आणि चिपची नक्षी यांचं नातं जोडलं होतं, की विणकाम यांच्या रक्तातच आहे, म्हणून सर्किटही यांना जमतं. किती कौतुक! पण रक्तातलं कौतुक झालं की वर्गवारी वाढवायचा प्रश्न मिटतो. १९७५ साली कामगारकपातीच्या वादात आंदोलकांनी कारखाना ताब्यात घेतला आणि त्यानंतर कंपनी तो बंद करून निघून गेली. आपल्याकडे वारली चौक लिहिणाऱ्या सवाशिणी होत्या. लग्नघरातलं ते काम बायकांचंच होतं. ते कागदावर उतरलं, बाजारात गेलं, २०१४ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आज वारली चित्रकार म्हणून चटकन नावं सांगा म्हटलं तर किती बायकांची नावं आपल्या तोंडी येतात? ज्यांनी ती कला जगात नेली त्यांचं मोठेपण मी कमी करत नाही. मला एवढंच दिसतं, की बाईचं काम ‘सवय’ असतं तोवर तिचं असतं, ‘कौशल्य’ झालं की ते सरकायला लागतं.

यावर कुणी म्हणेल, पण मशीन चालवणं अवघड असतं, त्याला शिक्षण लागतं. बरोबर आहे, लागतं. मी तुम्हाला आपल्याच किनाऱ्यावरचं उदाहरण देते. तारापूरच्या अणुवीज केंद्राची पहिली दोन युनिट्स १९६९ साली सुरू झाली. अमेरिकन कंपनीने सगळं उभारून किल्ली हातात द्यायची, असा तो करार होता. इंधनही तिथूनच यायचं. १९७४ च्या पोखरणच्या चाचणीनंतर त्या इंधनाची अडवणूक सुरू झाली. मग १९८० च्या दशकात ते फ्रान्सकडून मिळवावं लागलं. पण याच तारापूरला २००५ आणि २००६ साली जी पुढची दोन युनिट्स आली, ५४० मेगावॅटची, त्यांचा आराखडा आपल्या अभियंत्यांचा. म्हणजे देशाने पस्तीस वर्षं शिकण्याचा खर्च केला. ‘तुम्हाला काय कळतंय’ असं म्हणून त्यांना घरी पाठवलं नाही. ज्यांना शिकवायचं ठरवतात त्यांच्यावर असा खर्च होतो. आणि त्याच प्रकल्पासाठी ज्या अक्करपट्टी आणि पोफरणच्या बायकांची घरं, शेतं गेली, त्यांच्या शिकण्यावर कुणी खर्च केला? त्यांना पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षं कोर्टाची पायरी चढावी लागली. अणुऊर्जा हवी की नको हा आजचा विषय नाही. मी फक्त शिकण्याचा खर्च कुणावर होतो ते दाखवते आहे.

गाभ्याबाहेर ढकललेल्या गोष्टींत आणखी एक आहे, ती म्हणजे पाणी आणि हवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचा जो प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात तारापूर ९३.६९ गुणांनी सगळ्यांच्या वर होतं. कंपनीच्या ताळेबंदात जो खर्च दिसत नाही तो किनाऱ्यावरच्या मासेविक्रीच्या टोपलीत दिसतो. टोपली बाईच्या डोक्यावर असते.

मग करायचं काय? नव्याला विरोध करून आपण टिकणार नाही, हे मला त्या विक्रमगडच्या बाईने शिकवलं. जपानमधल्या टोयोटाची गोष्ट सांगतात. तिच्या मूळ पुरुषाने, साकिची टोयोडाने, १८९१ साली सुधारलेल्या हातमागाचं पेटंट घेतलं. आईचे मागावरचे कष्ट कमी व्हावेत म्हणून तो या कामाला लागला, असं म्हणतात. पुढे १९२४ साली धागा तुटला की आपोआप थांबणारा माग त्याने केला. त्याच विचारातून मोटारीच्या कारखान्यात अशी पद्धत आली, की काही चुकलं तर साध्या कामगारानेही दोरी ओढायची आणि अख्खी लाईन थांबवायची. तिथे सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. पण बघणाऱ्याच्या हातात थांबवायचा अधिकार दिला तर माल सुधारतो, हे एका मोठ्या कंपनीने करून दाखवलं. आपल्या पॅकिंग हॉलमधल्या बाईला खराब स्ट्रिप बाजूला टाकायचा अधिकार होता. पट्टा थांबवायचा नव्हता. आपली मागणी त्या दोरीची आहे.

तेव्हा तुमच्या कारखान्यात नवी मशीन येणार असं कानावर आलं, की पाच गोष्टी करा.

एक. मशीन यायच्या आधी जाग्या व्हा. यंत्र किंवा कामाची पद्धत सुधारल्यामुळे कामगार कमी होणार असतील, तर तो बदल करण्यापूर्वी २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते. ही तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती, औद्योगिक संबंध संहितेतही आहे. कंत्राटी बायकांचा त्यात काय संबंध, असं मालक म्हणेलच. म्हणून कायम कामगारांच्या युनियनला आतापासूनच धरा. त्यांची पाळी उद्या आहे, हे त्यांना समजावा.

दोन. तुम्ही काय काय जाणता ते लिहून काढा. हो, वहीत. आम्ही त्या बायकांसोबत बसून लिहिलं तर खराब स्ट्रिप ओळखायच्या एकवीस खुणा निघाल्या. त्यांनाही माहीत नव्हतं आपल्याला एवढं येतं. बोलणी करताना ती वही टेबलावर ठेवली तेव्हा मॅनेजरचा स्वर बदलला.

तीन. मशीनला शिकवायला बोलावलं तर जा, पण आधी विचारा : शिकवल्यानंतर माझी जागा कुठली? उत्तर लेखी मागा.

चार. रात्रपाळीच्या बहाण्याला घाबरू नका आणि आंधळेपणाने हो म्हणू नका. नव्या संहितेप्रमाणे संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहापूर्वी काम करायला बाईची संमती लागते आणि सुरक्षिततेची जबाबदारी मालकावर आहे. संमती ही आपली आहे. गाडी, उजेड, बसायची जागा हे ठरल्यावरच ती द्यायची. आणि रात्री येणार नाही म्हणून दिवसाचं शिक्षणही द्यायचं नाही, हे चालणार नाही.

पाच. पगाराची चिठ्ठी आणि गेटपास जपून ठेवा. तुम्ही कुणाच्या कामगार आहात, हे भांडण कागदावर लढलं जातं. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते. पण तुम्ही त्या गेटच्या आत होता, हे दाखवता आलं पाहिजे.

आणि एक काम आपल्या संघटनांचं. आपण बचतगटाला लोणचं-पापड शिकवतो, शिवण शिकवतो. त्याला मी कमी लेखत नाही, त्याने चूल पेटते. पण पुढच्या वर्षी पालघरमध्ये निदान एक वर्ग मशीन दुरुस्तीचा आणि संगणकावरच्या आराखड्याचा काढू या. चिंचणी-तारापूरच्या बाजूला दागिन्यांचे डाय कोरणारी घरं आहेत. पोलादाच्या ठोकळ्यावर उलटी नक्षी कोरायची, त्यावर पत्रा दाबून दागिन्याचा घाट उठवायचा. आता तिथेही संगणकावर नक्षी काढून मशीनने कोरण्याचं तंत्र आलं आहे. एका घरातली मुलगी मला म्हणाली, छिन्नी मला कधी कुणी हातात दिली नाही, माउस मात्र मी न विचारताच घेतला. बघा, तंत्र बदलतं तेव्हा क्षणभर दार उघडं असतं. जुने हक्कदार अजून स्थिरावलेले नसतात. त्या क्षणी आत शिरायचं. उशीर केला की दारावर पुन्हा कुणाची तरी पाटी लागते.

जाता जाता त्या पंचवीसजणींबद्दल. त्यांच्यातल्या दोघींनी मला मेळाव्याआधी विचारलं, ‘ताई, आमची गोष्ट सांगणार, पण आम्हाला काय मिळणार?’ माझ्याकडे सरळ उत्तर नव्हतं. एवढं ठरलं आहे, की मशीनवर असलेल्या नऊजणी दर रविवारी सकाळी या दोघींसकट आठजणींना शिकवणार. मशीन नाही, पण तिच्या पुस्तिकेची प्रत आहे, आणि नऊजणींच्या डोक्यात ती आहे. दुसऱ्या एका कारखान्यात तशीच मशीन येणार आहे असं कळतं. ती गेटमधून आत येईल त्या दिवशी गेटबाहेर तिला चालवू शकणाऱ्या आठ बायका उभ्या असतील. काम मिळेलच असं मी सांगू शकत नाही. पण ‘तुम्हाला येत नाही’ असं मात्र त्यांना कुणाला म्हणता येणार नाही.

येत्या रविवारी दहा वाजता ज्यांना यायचं आहे त्यांनी नाव देऊन जा. येताना पगाराची चिठ्ठी, गेटपास आणि एक कोरी वही आणा.